स्टीलचा हँड काउंटर: सर्कलवर कितपत चालतो?

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून चार घेतले, दीडशेला एक. दुकानदार काकांनी विचारलं, "जपाला का?" म्हटलं, "नाही काका, गाड्या मोजायला." एका चौकाला चार कशाला, हे काही त्यांना पटलं नाही.

आमचा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: नेरुळमधल्या एका सर्कलची क्षमता काढायची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) सर्कलबद्दलच्या पुस्तिकेत, आयआरसी-६५ च्या १९७६ च्या आवृत्तीत, क्षमतेसाठी वॉर्डरॉप या ब्रिटिश संशोधकाचं सूत्र आहे. चौकात एकूण गाड्या किती आल्या, एवढ्यावर त्याचं भागत नाही. दोन रस्त्यांच्या तोंडांमधल्या पट्ट्यात किती जण एकमेकांची वाट कापतात, ते लागतं. म्हणून आकडे चार: डाव्या कडेने सरळ सुटणारे, शिरून उजवीकडे सरकणारे, बाहेर पडायला डावीकडे येणारे, आणि आतल्या कडेने फिरत राहणारे. मी आणि मैत्रीण, हात चार, काउंटर चार.

क्लिक झकास. नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही. अंगठा मात्र अर्ध्या तासात बोंबलतो. शून्य करायची बाजूची किल्ली एकाची ढिली निघाली. सॅकमध्ये घासून फिरली आणि एक सकाळ फुकट गेली.

खरी पंचाईत वेगळीच. काउंटरला बस काय नि स्कूटर काय, एकच. १९७६ च्या त्या आवृत्तीत प्रत्येक गाडी किती कारच्या बरोबरीची (पीसीयू) ते धरतात: कार-रिक्षा १, दुचाकी ०.७५ आणि बस २.८. मग पंधरा मिनिटं फक्त दुचाकी, पुढची पंधरा कार-रिक्षा, बस-ट्रक वहीत रेघा मारून. सरांनी नाक मुरडलं. लागोपाठची दोन पाव तास सारखी नसतात म्हणे. बरोबरच आहे त्यांचं.

त्यात चुकीच्या हाताने क्लिक झालं की उत्तरच हलतं. कागदावर पट्टा १२ मीटर रुंद, ४८ लांब आणि तोंडांची सरासरी रुंदी ८.५ धरून पाहिली. वाट कापणारे (चारातले मधले दोन) ७० टक्के असले तर ताशी सुमारे ३५२० पीसीयू, सगळेच कापणारे असले तर ३०६०.

क्षमता काढायची दुसरी पद्धत गॅप अ‍ॅक्सेप्टन्स, म्हणजे फिरणाऱ्या गाड्यांमधली केवढी फट मिळाली की ड्रायव्हर आत शिरतो ते बघायचं. तिला हा काउंटर निरुपयोगी. ड्रायव्हरने किती सेकंदांची फट घेतली, किती सोडली, ते गच्चीवरून मोबाइलवर शूटिंग करूनच कळतं. ब्रिटनमध्ये १९६६ साली 'आत फिरणाऱ्याला आधी वाट' हा नियम आला, शिरणारे थांबून फट शोधू लागले आणि वॉर्डरॉपचं सूत्र तिथे मागे पडलं. आमच्या सर्कलवरची रिक्षा फट शोधत नाही, सरळ नाक खुपसते. त्यामुळे मला तरी जुनंच सूत्र ओळखीचं वाटलं.

घेणार असाल तर दुकानातच किल्ली हलवून बघा, आणि अ-ब-क-ड लिहिलेली चिकटपट्टी तिच्यावरूनच गुंडाळा. पाचपैकी साडेतीन.