मीटरवर ४६,३८० आणि राहुड घाट

मी यावल तालुक्यात केळी पिकवतो, घरच्या तीन गाड्यांची किरकोळ दुरुस्ती स्वतः करतो आणि जुनी गाडी घेताना काय पाहावे हे आजवर चार जणांना शिकवले आहे. हे आधीच सांगतो, कारण जुनी गाडी घेताना मी स्वतःच फसलो, आणि ‘एवढे साधे कसे दिसले नाही’ असे विचारणारे पुष्कळ निघतील. आमच्या घरात तर ते रोज विचारले जाते.

गाडी २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस. आपल्याकडे या गाड्या मोजक्याच आल्या, त्यामुळे चांगली दिसली की हातची सोडवत नाही, आणि विकणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. मध्यस्थ ठाण्याचा, पण मूळचा धुळ्याकडचा निघाला आणि फोनवर पहिल्या दिवसापासून अहिराणीतच बोलला. “कसाले चिंता करस भाऊ, गाडी आपलीच शे,” असे तो म्हणाला आणि मी परक्या शहरात आपला माणूस भेटल्याच्या आनंदात ५१,००० रुपये बयाणा यूपीआयने पाठवून दिला. व्यवहार १४,२५,००० रुपयांना ठरला: उरलेल्यापैकी ११,८४,००० आरटीजीएसने आणि १,९०,००० रोख. मध्यस्थाची दलाली २०,००० वेगळी, तीही रोख, पावतीशिवाय. दलालीची पावती घेतल्याशिवाय नोट हातातून सोडू नका. ते का, हे पुढे येईलच.

भुसावळहून बायकोसोबत रात्रीच्या रेल्वेगाडीने निघून मी सकाळी सातला मध्यस्थाच्या सोसायटीत पोहोचलो. गाडी दोन दिवस जागची हललेली नाही, असे आदल्या संध्याकाळीच त्याने सांगितले होते. मी सवयीने बॉनेटवर तळहात टेकवला. ते कोमट नव्हते, गरम होते. मी तसे म्हणालो, तर तो हसून म्हणाला की तुमच्यासाठीच पंपावर नेऊन हवा भरून आणली. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीचे झाकण उघडायला गेलो, तेव्हा त्याने माझा हात धरला आणि गरम इंजिनाचे झाकण उघडू नये, भाजेल, असे सांगितले. ते खरेच होते, त्यामुळे मला उलट त्याचे कौतुक वाटले. बाटलीच्या पांढऱ्या प्लास्टिकमधून आतला द्रव दिसत होता. या गाडीत तो गुलाबी-जांभळट असायला हवा, हे मला माहीत आहे. तिथे पाणी जास्त झालेल्या सरबतासारखा फिकट रंग होता आणि पातळी मात्र अगदी वरच्या खुणेवर होती. मी तो रंग पाहिला, मला तो कळला, आणि ‘थोडे पाणी टाकले असेल’ असे म्हणून मी पुढे गेलो. त्या दहा सेकंदांचा हिशोब मी अजून लावतो आहे. इंजिन गार असल्याशिवाय गाडी पाहू नका. गरम असेल तर चहा प्या, जेवा, दुसऱ्या दिवशी या.

स्टीअरिंगचे चामडे गुळगुळीत झालेले होते आणि ब्रेकच्या पेडलचे रबर एका बाजूने झिजलेले होते. मीटरवर आकडा ४६,३८० किलोमीटर. तेव्हा मला वाटले, शहरातल्या गर्दीत ब्रेक जास्त लागतो.

कसारा घाट गाडी अशी चढली की मी सगळे पैसे वसूल झाले असे समजलो. नाशिक, पिंपळगावचा टोलनाका, चांदवड, सगळे मजेत गेले. मे महिना, दुपारचे साडेबारा. राहुड घाटात तापमानाचा काटा ९० वरून सरकला. या गाड्यांचा काटा मुद्दामच ९० वर स्थिर ठेवलेला असतो, आतले तापमान थोडे वरखाली झाले तरी हलत नाही. म्हणजे हलला तेव्हा उशीर झालेला असतो. लाल दिवा लागल्यावरही सावली शोधत मी जवळपास दीड किलोमीटर पुढे गेलो. जावई म्हणतो, तिथेच थांबायला हवे होते. त्या उन्हात ट्रकच्या रांगेत बायकोला उतरवून दाखवा, मग बोला.

मालेगावहून आलेल्या मेकॅनिकने गार झाल्यावर झाकण उघडले, बोट बुडवले आणि म्हणाला, “शेठ, हे नळाचे पाणी आहे.” वॉटर पंपाची जोडणी गळत होती आणि ती गळती आजकालची नव्हती. गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावल्यावर जुने दोष पुसलेले दिसले. पुसल्यानंतर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या काही अंतर चालेपर्यंत अपूर्ण दिसतात, तशाच त्या अपूर्ण होत्या. असा हजार-दीड हजाराचा स्कॅनर माझ्या भाच्याकडे पडून आहे. जळगावपर्यंत टोइंगचे १३,५०० गेले. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड वाकले, त्याखालचे गॅस्केट गेले, अंदाजपत्रक २,३८,७०० रुपयांचे. सर्व्हिसची जुनी नोंद नंतर मिळाली: सप्टेंबर २०२२ मध्येच गाडी १,०४,२१२ किलोमीटर चाललेली होती, म्हणजे मीटर मागे फिरवलेला होता. ही नोंद बयाण्याआधी मालकाकडूनच मागवा. तो टाळत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता दाद मागण्याचे सांगतो. इथल्या पोलिसांनी सांगितले, गुन्हा ठाणे शहरात घडला. ठाणे शहराच्या पोलिसांनी सांगितले, गाडी तुमच्या ताब्यात आहे, कागद तुमच्या नावावर होत आहेत, मग हा दिवाणी मामला आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे आणि हद्दीचा प्रश्न न काढता तक्रार नोंदवण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, असे मी छापील कागद दाखवून म्हणालो, तर साहेबांनी कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर सांगितले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले. परिवहन कार्यालयात सांगितले, मीटरशी आमचा संबंध नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना त्याच खात्याकडे नोंदणी करावी लागते, मग हा माणूस नोंदणीकृत आहे का एवढे तरी सांगा, असे विचारले. त्यावर लेखी अर्ज करा म्हणाले. केला. पोच मिळाली, उत्तर नाही. ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पण वकिलांनी पहिला प्रश्न दलालीच्या पावतीचा विचारला, आणि दलाली दिल्याचा कसलाही कागद माझ्याकडे नाही.

दरम्यान त्याच मध्यस्थाची दुसऱ्या गाडीची जाहिरात दिसली. मेहुण्याच्या फोनवरून बोललो, तर तेच वाक्य, तोच गोडवा. ते ध्वनिमुद्रण घेऊन पुन्हा ठाणे शहराच्या पोलिसांकडे गेलो, त्यांनी विचारले, “यात अजून कोणी फसले आहे का?”

गेल्या आठवड्यात एका हवालदाराने आपुलकीने सल्ला दिला की इंजिन पुरावा आहे, तपास होईपर्यंत उघडलेले तसेच ठेवा. तपास अजून सुरू झालेला नाही, आणि गॅरेजवाला जागेचे रोज १५० रुपये लावतो आहे.