शिरोलीतील लिट्टी-चोखा आणि डुमरावची आठवण

शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्रींच्या रांगेत, पत्र्याच्या शेडखाली एक छोटे उपाहारगृह आहे. फलकावर 'लिट्टी-चोखा' आणि त्याखाली 'डुमराव' एवढेच लिहिलेले आहे. गेल्या दोन महिन्यांत मी तेथे चार वेळा जेवलो. परप्रांतीय कामगारांसाठी सुरू झालेले हे ठिकाण कोल्हापूरच्या खवय्यांनीही गाठावे, असे मला मनापासून वाटते.

डुमराव हे बिहारच्या बक्सर जिल्ह्यातील अनुमंडलाचे मुख्यालय, म्हणजे आपल्या भाषेत प्रांत कचेरीचे गाव. १९९१ साली भोजपूर जिल्ह्यातून बक्सर वेगळा झाला. ज्या भोजपूरवरून भोजपुरी भाषेला नाव मिळाले, ते जुने आणि नवे भोजपूर डुमरावला लागूनच आहे, आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा १९१६ सालचा जन्मही याच गावातला. मालकांच्या वडिलांची लिट्टीची गाडी तेथील कचेरीबाहेर लागत असे. 'दाखिल-खारिज'साठी, म्हणजे आपल्याकडील फेरफाराच्या नोंदीसाठी, खेड्यांतून आलेली माणसे साहेबांची वाट पाहत दुपारपर्यंत थांबत आणि दोन लिट्ट्यांवर दिवस काढत, असे ते सांगतात. हे ऐकल्यावर लिट्टी इतकी भरीव आणि पोटाला आधार देणारी का, ते कळते.

लिट्टी येथे शेणींच्या निखाऱ्यावरच भाजतात. कणकेच्या गोळ्यात सत्तूचे सारण असते. आपल्या सातूच्या पिठात गहू असतो आणि ते आपण गूळ घालून खातो. हा सत्तू मात्र निव्वळ भाजलेल्या हरभऱ्याचा, आणि त्यात लसूण, आले, ओवा, कलौंजी, हिरवी मिरची, लोणच्याचा खार व मोहरीचे कच्चे तेल घातलेले असते. भाजलेली लिट्टी मालक फडक्यात धरून राख झटकतात, तळहाताने दाबून तिला तडा पाडतात आणि पातळ तुपात बुडवून ताटात ठेवतात. त्या तड्यातून येणारी ओव्याची वाफ मला प्रत्येक वेळी नव्याने आवडली.

चोखा हा आपल्या भरिताचा सख्खा भाऊ आहे; वांगी व टोमॅटो निखाऱ्यावर भाजून त्यात उकडलेला बटाटा कुस्करतात. मात्र त्याला फोडणी नसते आणि शेंगदाण्याचे कूटही नसते, त्यामुळे मोहरीच्या तेलाचा झणका थेट नाकात जातो. पहिल्या घासाला माझी आई थबकली. 'मावशी, थोडा कांदा घ्या बरोबर,' असे मालकांनी सुचवल्यावर तिने दुसरी लिट्टी स्वतःहून मागितली.

एका शनिवारी संध्याकाळी गर्दीमुळे लिट्ट्या गॅसवर भाजल्या होत्या आणि त्या मधोमध कच्च्या राहिल्या होत्या. मी ते सांगितले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिल्या. तरीही घाईत अशी तडजोड होऊ नये. स्थानिक गिऱ्हाइकांसाठी बाजूला तिखट कट देण्याची नवी पद्धतही मला पटली नाही, कारण त्याखाली सत्तूची चव पार बुडून जाते. कट नको, असे आधीच सांगावे.

दोन लिट्ट्यांचे ताट साठ रुपयांना मिळते. सायंकाळी सातच्या सुमारास पहिली भट्टी निघते, तेव्हा जावे. दिवाळीनंतर छठपूजेसाठी मंडळी गावी जातात, त्यामुळे त्या दिवसांत उपाहारगृह बंद असते.