जीवामृत करायचं की गांडूळखत?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका महिला गटातल्या वहिनींचा प्रश्न आहे: गटाकडे थोडे पैसे जमलेत, कशात घालू?

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. खर्चात त्याला तोड नाही. एकराला 200 लिटरचा एक बॅरल पुरतो: पाण्यात 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा काठीनं ढवळायचं. गूळ काळाच चालतो, पांढराशुभ्र कशाला? पण आठवडाभरात वापरावं लागतं, म्हणजे विक्रीचं नाव काढू नका.

गांडूळखताला बेड (शेण-पाचोळ्याचा वाफा), गांडुळं आणि छप्पर लागतं. खानापूरचा धो-धो पाऊस ठाऊक आहेच. छपरात काटकसर केली की बेडात पाणी साचून गांडुळं पळतात. ताजं शेण घातलं तर उष्णतेनं मरतात. मुंग्यांची राखण वेगळीच. दीड-दोन महिन्यांत खत होतं, चाळून ठेवलं की टिकतं.

घरी गाय आहे आणि आपल्याच भात-भाजीवरचा खतांचा खर्च कमी करायचाय, तर जीवामृत. गटाला विक्रीचे पैसे हवेत आणि बेळगावातलं गिऱ्हाईक आधीच ठरलंय, तर गांडूळखत. तेही एकाच बेडनं सुरू करा.