सीआयसी-आयडीएस 2017: निवडून-पाखडून घेतला तरच कामाचा

नाशिकमध्ये एम.ई. किंवा एम.टेक.साठी 'मशीन लर्निंग वापरून नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणे' हा विषय घेतला की गाइडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डेटासेट कुठला? उत्तर बहुधा दोनपैकी एक येतं, जुना केडीडी 99 नाहीतर सीआयसी-आयडीएस 2017. हे परीक्षण दुसऱ्याचं. निकाल आधीच सांगायचा तर शिकण्यासाठी आणि पद्धती तुलनेने तपासण्यासाठी पाचपैकी चार, 'आमचं मॉडेल प्रत्यक्ष नेटवर्कवर चालेल' असा दावा करण्यासाठी दीड. मधलं अंतर का पडतं, ते पुढे येईलच.

आधी केडीडीचं. 1998 साली अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत हवाई दलाच्या नेटवर्कची नक्कल करून जो ट्रॅफिक पकडला, त्यातून तो बनला. त्यात 41 रकाने आणि जवळपास 49 लाख ओळी आहेत, पण शिकवणीच्या भागातल्या सुमारे 78 टक्के ओळी पुन्हा पुन्हा आलेल्या. 2009 मध्ये त्या गाळून एनएसएल-केडीडी काढला, त्यात शिकवणीला 1,25,973 आणि चाचणीला 22,544 ओळी उरल्या. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो दोन मिनिटांत चालतो, म्हणून अजून टिकून आहे. त्यातले हल्ले मात्र आजच्या एक्स्टर्नलच्या जन्माआधीचे नसले तरी त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतले नक्की. एवढ्यावर केडीडी सोडून द्यायला हरकत नाही.

सीआयसी-आयडीएस 2017 कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या सायबर सुरक्षा संस्थेने बनवला. 3 ते 7 जुलै 2017, सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. 25 वापरकर्त्यांच्या सवयींवरून सॉफ्टवेअरने साधा ट्रॅफिक तयार केला आणि ठरलेल्या वेळी हल्ले सोडले. सोमवार पूर्ण स्वच्छ. मंगळवारी एफटीपी (फाइली पाठवणं) आणि एसएसएचवर (दुरून लॉगिन) पासवर्ड फोडण्याचे प्रयत्न, बुधवारी डॉसचे (सर्व्हर ठप्प पाडण्याचे) चार प्रकार आणि हार्टब्लीड (ओपनएसएसएलमधल्या चुकीतून सर्व्हरची मेमरी वाचणारा हल्ला), गुरुवारी सकाळी वेबवरचे हल्ले आणि दुपारी घुसखोरी, शुक्रवारी बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या यंत्रांचं जाळं), पोर्ट स्कॅन (उघडी पोर्ट शोधणं) आणि डीडॉस (अनेक यंत्रांवरून एकदम केलेला डॉस).

डाउनलोडमध्ये तीन गठ्ठे मिळतात. पहिला पाच दिवसांच्या पीकॅप फाइलींचा (पकडलेली पाकिटं जशीच्या तशी), मिळून सुमारे 51 जीबी. 40 एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चाललं तरी पावणेतीन तास लागतात, तेव्हा मध्येच तुटलं तर पुन्हा जोडणारा डाउनलोडर वापरा आणि शेवटी एमडी5 (फाइलचा ठसा) जुळवून पाहा. दुसरा आणि तिसरा गठ्ठा सीएसव्हीचा, त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्लो, दोन यंत्रांमधलं एक संभाषण. एकात आयपी पत्ते आणि वेळ आहे, दुसरा मशीन लर्निंगसाठी सोलून ठेवलेला, 8 फाइली, 78 रकाने आणि एक लेबल (साधी ओळ की कुठला हल्ला). नव्याने सुरुवात करणाऱ्याने शेवटचाच घ्यावा.

51 जीबीला 40 तासांनी भागून पाहा. सरासरी तीन एमबीपीएससुद्धा भरत नाही. गंगापूर रोडवरच्या एखाद्या हॉस्टेलचा एक मजला रात्री दहा वाजता याहून जास्त ओढतो. थोडक्यात, हे अतिशय शांत नेटवर्क आहे आणि त्यात हल्ला उठून दिसतो, यात नवल नाही.

आता ओळींचा हिशेब. एकूण 28,30,743 ओळी, त्यातल्या 22,73,097 साध्या. म्हणजे काहीही न शिकता प्रत्येक ओळीला 'साधी' म्हणणारा प्रोग्रॅमसुद्धा 80.3 टक्के अचूक ठरतो. सिनॉप्सिसमध्ये '92 टक्के अचूकता' असं लिहिताना हा आकडा शेजारी ठेवा. हल्ल्यांमध्येही वाटणी अगदीच विषम आहे. डॉस हल्कच्या 2,31,073 ओळी, पोर्ट स्कॅनच्या 1,58,930, डीडॉसच्या 1,28,027. उलट घुसखोरीच्या 36, एसक्यूएल इंजेक्शनच्या 21 आणि हार्टब्लीडच्या फक्त 11. ऐंशी-वीस वाटणी केली तर चाचणीत हार्टब्लीडच्या दोन ओळी येतात. त्या दोन्ही बरोबर आल्या म्हणून 'हार्टब्लीड 100 टक्के ओळखला' असं कोष्टक छापणं म्हणजे दोन चेंडू खेळून शंभरची सरासरी सांगणं. स्मोट (कमी असलेल्या वर्गाच्या कृत्रिम ओळी बनवणारी पद्धत) वापरून 11 च्या 11,000 केल्या तरी माहिती 11 ओळींचीच राहते. आणि स्मोट वाटणीच्या आधी लावला असेल तर चाचणीतल्या ओळींची पिल्लं शिकवणीत जातात. ही चूक इतकी सर्रास दिसते की कोडमध्ये सगळ्यात आधी तीच शोधावी.

साफसफाईला एक पूर्ण दिवस धरा. रकान्यांच्या नावांआधी मोकळी जागा आहे, त्यामुळे पांडाज या पायथनच्या लायब्ररीत 'लेबल' हा रकाना सापडत नाही असा एरर येतो. आधी सगळ्या नावांच्या कडा छाटून घ्या. 'फ्लो बाइट्स पर सेकंद' आणि 'फ्लो पॅकेट्स पर सेकंद' या दोन रकान्यांत अनंत आणि रिकाम्या किमती आहेत. कारण सरळ आहे: फ्लोचा कालावधी शून्य निघाला आणि त्याने भागलं. अशा 2,867 ओळी काढल्या की 28,27,876 उरतात. तुमचा आकडा वेगळा येत असेल तर कुठेतरी फाइल दोनदा वाचली गेली आहे. 'फॉरवर्ड हेडर लेंग्थ' हा रकाना दोनदा आलाय, एक काढा. आठ रकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य आहेत: सहा बल्कच्या सरासरीचे, दोन उलट दिशेच्या पुश आणि अर्जंट फ्लॅगचे. तेही काढा. म्हणजे 78 मधले 69 उरले. ज्या पेपरमध्ये 'आमच्या फीचर सिलेक्शनने 78 चे 69 केले' असं मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असेल, तिथे हे आठवा.

गुरुवार सकाळच्या फाइलमध्ये वेब हल्ल्यांच्या नावातला डॅश बिघडलेला आहे, तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. अख्ख्या नावाची तुलना फसते. नावाच्या शेवटचा भाग शोधा आणि लेबल नव्याने लिहा. सुरुवातीच्या विंडोच्या आकाराच्या रकान्यांत उणे 1 दिसेल, ती मोजलेली किंमत नव्हे, 'लागू नाही' अशी खूण आहे. मिन-मॅक्स स्केलिंग (किमती 0 ते 1 मध्ये बसवणं) करताना ती तशीच ठेवू नका.

मग दुहेरी ओळी. सोललेल्या गठ्ठ्यात तीन लाखांहून जास्त ओळी हुबेहूब दुसऱ्या ओळीसारख्या आहेत. त्या तशाच ठेवून यादृच्छिक वाटणी केली तर एकच ओळ शिकवणीत आणि चाचणीतही येते. परीक्षेतले प्रश्न आदल्या रात्री सोडवून घेतल्यासारखं. दुहेरी ओळी वाटणीच्या आधी काढा, नंतर नाही.

मेमरीचं गणित सोपं आहे. 28.3 लाख ओळी गुणिले 78 रकाने गुणिले 8 बाइट, म्हणजे सुमारे 1.77 जीबी, आणि पांडाज मधल्या पायऱ्यांना त्याच्या दोन-तीनपट मागतो. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा असेल तर इथेच सगळं गोठतं. फाइल वाचतानाच 32 बिटांचा फ्लोट सांगा, निम्म्यावर येतं. मग पार्के या आटोपशीर फाइल-प्रकारात साठवा. पुढच्या वेळी सीएसव्ही वाचत बसायला नको.

आतापर्यंतचे दोष हाताने दुरुस्त होणारे आहेत. खरी गोम फ्लो बनवणाऱ्या साधनात आहे. सीआयसी-फ्लोमीटर पाकिटं जोडून फ्लो बनवतं, आणि या डेटासेटसाठी वापरलेली आवृत्ती टीसीपीचं पहिलं 'फिन' (संभाषण संपवतोय अशी खूण) दिसताच फ्लो बंद करायची. टीसीपीत संभाषण दोन्ही बाजूंनी मिटतं. पहिल्या फिननंतरही निरोपाची एक-दोन पाकिटं येतातच. ती मग स्वतंत्र, छोटा, कधी उलट दिशेचा फ्लो म्हणून नोंदली गेली आणि त्यावरही 'हल्ला' किंवा 'साधा' अशी चिठ्ठी लागली. मॉडेल हल्ला शिकतं की कापलेलं शेपूट, हे मग कळत नाही. बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये हे मुळापासून तपासलं, साधन दुरुस्त केलं आणि लेबलं पुन्हा लावली. ज्या फ्लोमध्ये हल्ल्याचा मजकूर गेलाच नाही, त्यांना त्यांनी 'प्रयत्न' असं वेगळं नाव दिलं. गुरुवारी दुपारी ताब्यात गेलेल्या यंत्राने आतल्या नेटवर्कमध्ये केलेलं पोर्ट स्कॅनिंग मूळ लेबलांमध्ये साधं म्हणून गेलं होतं. दुरुस्त आवृत्तीत ते वेगळं दाखवलंय. नवा प्रोजेक्ट असेल तर दुरुस्त आवृत्तीच घ्या आणि मूळ आवृत्तीवरचे आकडे फक्त तुलनेला द्या.

'डेस्टिनेशन पोर्ट' हा रकाना काढूनच टाका. एफटीपीवरचा हल्ला 21 वर, एसएसएचवरचा 22 वर, वेबचे हल्ले 80 वर. रँडम फॉरेस्टसारखं डिसिजन ट्रीवर आधारलेलं मॉडेल पहिल्या फांदीवरच पोर्ट विचारतं आणि काम संपवतं. आयपीवाला गठ्ठा घेतला असेल तर आणखी वाईट: फायरवॉलच्या पत्ता-बदलामुळे बाहेरून आलेले हल्ले आत 172.16.0.1 या एकाच पत्त्यावरून येताना दिसतात. हा एक पत्ता पाठ केला की रँडम फॉरेस्टची गरजच नाही, एका 'जर'मध्ये भागतं.

वेळेचा घोळ खास आपल्याकडचा. संस्थेने दिलेल्या हल्ल्यांच्या वेळा तिथल्या स्थानिक आहेत, उन्हाळ्यात यूटीसीपेक्षा (जागतिक प्रमाणवेळेपेक्षा) तीन तास मागे. नाशिकमध्ये वायरशार्क (पाकिटं उघडून बघायचं साधन) उघडलं की तीच पाकिटं साडेआठ तास पुढे दिसतात. मंगळवारी 9:20 चा एफटीपीवरचा हल्ला 17:50 ला सापडतो आणि शुक्रवारची शेवटची पाकिटं शनिवारी पहाटे दीडला. वेळेच्या मेनूत यूटीसी निवडा आणि तीन तास वजा करा. सीएसव्हीतल्या वेळेत आणखी एक मेख आहे: 12 तासांचं घड्याळ, आणि सकाळ-दुपार लिहिलेलंच नाही. काम नऊ ते पाचच चाललं असल्याने 1 ते 5 मध्ये 12 मिळवले की भागतं.

चाचणी कशी घ्यायची? यादृच्छिक वाटणीवर 99.8 टक्के कोणालाही मिळतात, तो डेटासेटचा गुण आहे, तुमच्या मॉडेलचा नाही. त्यापेक्षा सोमवारचा स्वच्छ ट्रॅफिक देऊन ऑटोएन्कोडर किंवा आयसोलेशन फॉरेस्ट (नेहमीपेक्षा वेगळं ते हेरणारी मॉडेलं) शिकवा आणि उरलेले चार दिवस चाचणीला ठेवा. किंवा बुधवारच्या डॉसवर शिकवून शुक्रवारच्या डीडॉसवर तपासा. आकडे धाडकन खाली येतील; व्हायवात बोलण्यासारखं जे काही आहे ते त्या घसरणीतच आहे. मोजमाप प्रत्येक वर्गाच्या रिकॉलमध्ये (त्या वर्गातल्या किती ओळी पकडल्या) आणि मॅक्रो एफ1मध्ये (सगळ्या वर्गांना सारखं वजन देणारी सरासरी) द्या. खोट्या इशाऱ्यांची संख्याही द्या, नुसती टक्केवारी नको: 0.1 टक्का म्हणजे इथल्या साध्या ओळींवर पाच दिवसांत सुमारे 2,270 खोटे इशारे, रोजचे साडेचारशे. एवढे इशारे बघायला कोणता सिस्टिम अ‍ॅडमिन बसणार आहे?

काय मिळणार नाही तेही ऐका. 2017 चा ट्रॅफिक असल्याने टीएलएस 1.3 (वेबवरच्या एन्क्रिप्शनची नवी आवृत्ती) नाही, ते ऑगस्ट 2018 मध्ये प्रमाण झालं. क्विकचं (टीसीपीऐवजी यूडीपीवर चालणारी नवी पद्धत) प्रमाण 2021 चं. आज मोबाइलवरचा व्हिडिओ मोठ्या प्रमाणात यूडीपीच्या 443 वरून क्विकने जातो आणि फ्लॅग मोजणारे रकाने तिथे रिकामेच राहतात. 'सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी' असं शीर्षक घेऊन हा डेटासेट जोडणं तर साफ चूक. यात मॉडबस नाही, म्हणजे पीएलसीची (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकांची) पोर्ट 502 वरची भाषाच नाही. त्या विषयाला सिंगापूरच्या पाणी शुद्धीकरण चाचणी केंद्रातला स्वॅट डेटासेट मागवा.

गोपनीयतेच्या बाजूने मात्र हा डेटासेट सरळ आहे. वापरकर्ते नकली, त्यामुळे कोणाचं खासगी काही उघड होत नाही. म्हणूनच 'त्यापेक्षा आपल्याच लॅबचा ट्रॅफिक पकडू' ही कल्पना सुचली तर जरा थांबा. तिथे खऱ्या मुलांचे डीएनएस प्रश्न (साइटच्या नावावरून पत्ता विचारणारे) येतात, कोण कधी कुठली साइट उघडतो ते येतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायदा दोन्ही लक्षात घ्या: विभागप्रमुखांची लेखी परवानगी, लॅबच्या दारावर सूचना, सहभागींची संमती. पाकिटं साठवूच नका; स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे सगळ्या ट्रॅफिकची प्रत मिळते) थेट फ्लो काढा, आयपी पत्ते क्रिप्टो-पॅनने बदला (त्यात एकाच सबनेटचे पत्ते बदलल्यावरही एकाच सबनेटचे राहतात) आणि बदलाची किल्ली डेटाच्या ड्राइव्हवर ठेवू नका. हल्ल्याची यंत्रं वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात), इंटरनेटला न जोडलेली.

पीकॅप सगळे हवेत असं नाही. हार्टब्लीड, स्लोलोरिस (डॉसचा एक प्रकार) आणि साधा ट्रॅफिक एकत्र बघायचा असेल तर बुधवारची 13 जीबीची एकच फाइल पुरते. ती थेट वायरशार्कमध्ये उघडाल तर लॅपटॉप बसेल. आधी एडिटकॅप या वायरशार्कसोबतच्या साधनाने वेळेनुसार कापा. हार्टब्लीडसाठी तिथल्या वेळेनुसार दुपारी 15:12 ते 15:32 एवढाच तुकडा घ्या, म्हणजे आपल्या घड्याळात रात्री 23:42 ते 00:02.