मायला मागच्या सीटवर बसवून बघा, मगच गाडी घ्या

गाडी घेऊन चौदा महिने झाले, अठरा हजार किलोमीटर पळाली, म्हणून आता लिहायलोय. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण मोठी अलॉयची चाकं लावलेल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मागच्या सीटवर थोड्याफार फरकानं असेच हादरे बसतात.

आमचं गाव केज-धारूर पट्ट्यातलं, सगळी काळी माती. पावसाळ्यात ही माती फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळं वर कितीबी डांबर टाका, दोन वर्षांत रस्त्याला लाटा येतात. त्यात दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, कडा तुटून जातात अन् समोरून ट्रॅक्टर आला की आपण खाली, परत वर, परत खाली. इथं गाडी अशा रस्त्यावर चालते, जाहिरातीतल्या रस्त्यावर नाही.

टेस्ट ड्राईव्ह मात्र शोरूमवाल्यानं धुळे-सोलापूर हायवेवर दिली. मी पुढं, स्टेअरिंगवर. ८०-१०० ला गाडी एकदम जमिनीला चिकटून चालते, एसी भारी, ॲव्हरेजबी चांगला, मी तिथंच हो म्हणलो. मागं कोणीच बसलं नव्हतं, हीच चूक झाली.

मायला मणक्याचा त्रास आहे, महिन्यातून एकदा अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागतं. पहिल्याच फेरीत गावाबाहेरच्या पुलाजवळ मागून आवाज आला, "बाबा, जरा हळू घे रे, कंबरेत कळ यायलीय." मी बघितलं तर काटा २५ वर. याच्यापेक्षा हळू काय घ्यायचं? आरशात बघितलं तर दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून, सीटवरून थोडं उचलून बसलेली. पुढच्या वेळेपासून ती वाकळेची घडी सोबत घ्यायला लागली, बुडाखाली टाकायला. नवीन गाडीत मायला वाकळ टाकून बसावं लागतं याचं लई वाईट वाटलं मला, अजूनबी वाटतं.

सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवलं. शॉकअप ओके, बूश ओके, अलाईनमेंट ओके, "सर, या मॉडेलला असंच असतं" म्हणले. खरं कारण गावातल्या पंक्चरवाल्यानं दाखवलं. त्यानं आधी हवा चेक केली तर चारीमध्ये ४० च्या आसपास, अन् ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय ३३! ती उतरवली तेव्हाच थोडा फरक पडला. मग त्यानं टायरवर बोट ठेवलं, १९५/५५ आर १६. म्हणजे रिम १६ इंची, टायरची रुंदी १९५ मिलीमीटर अन् बाजूची भिंत तिच्या ५५ टक्के, फक्त १०७ मिलीमीटर, रबरच कमी, मग खड्ड्याचा मार झेलणार कोण? तो सरळ वर येतो.

बाकीचं कारण बनावटीतच आहे. मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा बीम असतो, एक चाक खड्ड्यात गेलं की हिसका दुसऱ्या बाजूलाबी जातो. स्प्रिंग कडक, कारण पाच माणसं अन् डिकी भरली तरी गाडी खाली बसू नये. पण आमच्या गाडीत बहुतेक वेळा दोनच माणसं, मग ती स्प्रिंग दबतच नाही, आदळते. अन् मागचं सीट मागच्या चाकांच्या एकदम जवळ, म्हणून पुढं बसणाऱ्याला जे कळत नाही ते मागच्याला सगळं कळतं.

ग्राउंड क्लिअरन्स जास्त म्हणजे गाडी आरामाची, असंबी समजू नका. बोलेरो चांगली उंच आहे अन् कुठंबी जाते, पण मागं स्प्रिंगच्या जागी लोखंडी पाटे असल्यामुळं रिकामी असली की उडते. आमच्या दाजींकडं जुनी डस्टर आहे, तिच्यात त्याच रस्त्यानं माय घरापर्यंत झोपून आली होती. सस्पेन्शन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मी शेवटी १६ चे अलॉय विकले अन् वरून पैसे घालून १५ ची चाकं बसवली, १८५/६५ आर १५. हीच साईज कंपनी याच गाडीच्या खालच्या मॉडेलला देते, आपल्या मनानं कुठलीबी टाकू नका. बाहेरून चाकाची उंची जवळपास तेवढीच राहते त्यामुळं स्पीडोमीटरबी बिघडत नाही, पण रबराची भिंत १२० मिलीमीटर होते. तेरा मिलीमीटर ऐकायला काहीच नाही, पण बारीक खडीचा थरथराट पुष्कळ कमी झाला. मोठ्या खड्ड्यात मात्र गाडी अजून आदळते, ते टायरनं जाणार नाही.

पाचपैकी अडीच देतो, ते बी हायवे अन् ॲव्हरेजसाठी. घरात म्हातारं माणूस असेल तर शोरूमवाल्याला सांगा की गाडी आमच्या गावच्या रस्त्यावर न्यायचीय, म्हाताऱ्या माणसाला मागं बसवा, २०-३० नं चालवा अन् काय वाटलं ते त्यांनाच विचारा. शोरूमवाला नाही म्हणला तर दुसऱ्या शोरूमला जा.

परवा दवाखान्यातून येताना मायनं वाकळ खाली टाकली नाही, पाठीला लावली होती. पुलापाशी आलो तेव्हा हात मात्र आपोआप हँडलकडं गेला तिचा.