होम स्टेजिंग: जुना टू बीएचके विकताना काय उपयोगी पडलं, काय फुकट गेलं

होम स्टेजिंग म्हणजे विकण्याआधी घर गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी सजवणं. पुण्यातल्या कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता या पट्ट्यातल्या पंधरा-वीस वर्षं जुन्या, रीसेलच्या टू बीएचकेपुरतंच हे लिहितोय. निकाल आधीच सांगतो: घर सजवून भाव वाढत नाही, घासाघीस कमी होते. आणि खर्च वसूल होतो तो ओल, दिवे आणि नळ यांतून. सोफा-पडद्यांतून नाही.

याचं कारण घेणाऱ्याच्या खिशात आहे. ९० लाखांचा फ्लॅट धरा. कर्ज ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांच्या आत असेल तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ७२ लाख. उरलेले १८ लाख पदरचे. पुणे मनपा हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के (खरेदी बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर ६), म्हणजे ६ लाख ३० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. दलाली सोडून २४ लाख ६० हजार रोख. एवढं भरल्यावर दुरुस्तीला हात रिकामे असतात, म्हणून भिंतीला एक पोपडा दिसला की माणूस खर्चाच्या कितीतरी पट रक्कम किमतीतून कापून मागतो. उलट बाजूने, बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि परिसरातले व्यवहार बघतो. तुमचा कोपऱ्यातला दिवा त्याच्या रिपोर्टात येत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचे आकडे इथले डेकोरेटर दाखवतात, पण ती एजंटांची मतं आहेत, आणि तीही तिकडच्या बाजारातली.

ओलीपासून सुरुवात करा. संशयित जागा ठरलेली: बाथरूम आणि बेडरूममधली भिंत, खाली फूट-दीड फूट. दीड फुटी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरून आले तर नुसता हवेतला दमटपणा. भिंतीत असेल तर न्हाणी ट्रॅपचा (जाळीखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भागाचा) सांधा, टाइल्सच्या फटी आणि वरच्या फ्लॅटचं बाथरूम, या क्रमाने तपासा. गळती बंद झाल्यावर लोणा (ओलीने आलेले पांढरे क्षार) लागलेल्या भागाच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर विटेपर्यंत तोडायचं, नवं करायचं, आठवडाभर पाणी मारायचं आणि साधारण २८ दिवस सुकू द्यायचं. मगच पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात. हे टाळून वरून ‘वॉटरप्रूफ’ रंग मारलेल्या भिंती फोटोत झकास दिसतात, पण आतलं पाणी बाहेर पडू शकत नाही, क्षार रंगामागे साचतात आणि दोनेक महिन्यांत रंग फुगतो. घर तोवर विकलं गेलं नसेल, तर आता गिऱ्हाइकाला ओलही दिसते आणि लपवाछपवीही. थ्रीडी फोमचे स्टिकर लावणं त्याहून वाईट; अनुभवी माणूस आधी त्याचाच कोपरा उचकटून बघतो.

रंगाचा हिशोब सोपा आहे. १० बाय १२ची खोली छतासकट साधारण ४७५ चौरस फूट, एक लिटर इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळायचा रंग) दोन हातांत १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे चार लिटर पुरेत. पितृपक्षात घर बघायला फारसं कोणी येत नाही. तेव्हा रंगकाम उरकलं की घटस्थापनेला घर तयार. प्लास्टर मात्र त्याच्या महिनाभर आधीच झालेलं हवं.

दिव्यांना सगळ्यात कमी पैसे लागतात आणि फरक सगळ्यात जास्त पडतो. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनची निळसर ट्यूब काढा, पण ३००० केल्विनचा पिवळा दिवाही नको, जुनी फरशी त्यात मळकट दिसते. सगळीकडे ४००० केल्विन ठेवा. १० बाय १५च्या हॉलला २० वॉटच्या दोन ट्यूब पुरतात.

फर्निचर भाड्याने आणायचंच असेल तर करारातली किमान मुदत आधी वाचा. मुदत जितकी कमी तितकं महिन्याचं भाडं जास्त. मापं महत्त्वाची. १० बाय १०च्या बेडरूममध्ये बाजूच्या भिंतीला २४ इंच खोल कपाट असेल तर उरतात ९६ इंच. सहा फुटी पलंगाला दोन्ही बाजू मिळून २४ इंचच जागा राहते, कपाटाचं दार नीट उघडत नाही. पाच फुटीला ३६ राहते. पलंग कपाटाच्या विरुद्ध बाजूला सरकवला की दारं पूर्ण उघडतात. पण चार फुटी दिवाण टाकून खोली मोठी दाखवू नका, लोक टेप घेऊन येतात. मोबाइलवरच्या ०.५ लेन्सच्या (खोली आहे त्यापेक्षा मोठी दाखवणाऱ्या) फोटोंचंही तेच: चकरा वाढतात, सौदे नाही. छातीच्या उंचीवरून, साध्या लेन्सने, सकाळी काढा.

घरचे फोटो भिंतीवरून उतरवा, पण देवघर राहू द्या. देवघराला जागा कुठे, हे इथे बहुतेक जण विचारतातच.

घर बंद राहिलं की खरी कसोटी. न्हाणी ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं, मग गटाराचा वास आणि झुरळं. दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल टाकलं तर बाष्पीभवन मंदावतं. कमोड फ्लश करा. पावसाळ्याआधी स्लायडिंग खिडक्यांच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. रूम फ्रेशनर नको, लोक ‘काय झाकताय?’ म्हणून नाक मुरडतात. बाल्कनीतलं कृत्रिम गवत पहिल्याच पावसात कुबट वास मारतं.

किचनमध्ये नवीन ट्रॉल्या बसवू नका. ट्रॉल्या ज्यावर सरकतात ते गंजलेले चॅनेल बदला, ओट्यामागच्या टाइल्सच्या फटींतलं काळं ग्राउट खरवडून नवं भरा, नळाची जाळी साफ करा. नळ सोडून धार बघितल्याशिवाय कुणी जात नाही.

सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर यातलं काहीच करू नका. तिथे घेणारा नव्या इमारतीतलं कार्पेट विकत घेतो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि ठरावाची प्रत फाइलला लावा, रंगाचा डबा दुकानातच राहू द्या.