टीटीएलसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? गोडॉक्सच्या दोन स्टुडिओ लाईटांचा अनुभव

नवा स्टुडिओ टाकणारी मुलं-मुली भेटली की प्रश्न ठरलेला असतो, "ताई, टीटीएलवाला लाईट घेऊ की मॅन्युअल?" टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅश लाईटची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवणं, आणि मॅन्युअल म्हणजे ती आपण हाताने ठरवणं. हातात पैसे मोजके असतात. टीटीएल असला की एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ येईल याची काळजीच नाही, बटण दाबा आणि मोकळे व्हा, असं कोणीतरी सांगितलेलं असतं. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे लाईट आहेत आणि दोन्ही कामाला लागतात. माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. चार भिंतींच्या आत, स्टँडवर एका जागी उभ्या असलेल्या लाईटला टीटीएल नको. त्या पैशांत फ्लॅश मीटर, म्हणजे लाईटचा प्रकाश मोजणारं हातातलं यंत्र घ्या.

माझा स्टुडिओ नाशिकला आहे. काम दोन प्रकारचं. एक म्हणजे येवल्याच्या पैठणीवाल्यांचे कॅटलॉग. दुसरं म्हणजे लहान मुलांचे फोटो, डोहाळजेवण आणि प्री-वेडिंग. कॅटलॉगला गोडॉक्स कंपनीचे एसके४००टू वापरते, हे थेट विजेवर चालतात. बाहेरच्या कामाला बॅटरीवरचा एडी४००प्रो. दोन्ही ४०० वॉट-सेकंदांचे, म्हणजे एका चमकेची जास्तीत जास्त ताकद दोन्हींची सारखीच. एसके४००टू पूर्ण मॅन्युअल, ताकद आपण ठरवायची. एडी४००प्रोला टीटीएल आहे आणि हाय स्पीड सिंकही, म्हणजे शटर खूप वेगवान ठेवूनही फ्लॅश वापरता येतो. किमतीत साधारण चौपट फरक पडतो, पण हा सगळा फरक टीटीएलच्या नावावर टाकणं बरोबर नाही. त्यात बॅटरीचे पैसे आहेत, हाय स्पीड सिंकचे आहेत. टीटीएलची किंमत वेगळी काढून पाहायची असेल तर २०१६ मध्ये आलेला एडी६०० बघावा. तोच लाईट दोन रूपांत मिळायचा. एडी६००बी टीटीएलसह आणि एडी६००बीएम टीटीएलशिवाय. ताकद तीच, बॅटरी तीच, हाय स्पीड सिंक दोन्हींत. बीएम स्वस्त. स्टुडिओतल्या कामासाठी मी त्या काळात सगळ्यांना बीएमच सुचवत होते.

आता टीटीएल नेमकं करतं काय? शटर उघडण्याच्या जरा आधी लाईट एक बारीक चमक मारतो, तिला प्री-फ्लॅश म्हणतात. ती समोरच्या वस्तूवरून परत येते, लेन्समधून आत जाते, कॅमेऱ्याचं मीटर ती मोजतं आणि खरी चमक किती मोठी हवी ते लाईटला कळवतं. सगळं इतक्या झटपट की डोळ्याला एकच चमक दिसते. कल्पना जुनीच आहे. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ मध्ये फिल्मवरून परावर्तित होणारा फ्लॅशचा प्रकाश शटर उघडं असतानाच मोजला जायचा. त्या काळातल्या व्हिविटार २८३ सारख्या फ्लॅशच्या तोंडाशीच सेन्सर असायचा. आपल्याकडच्या जुन्या लग्नाच्या फोटोग्राफरांच्या हातातली ती मोठी मेट्झ ४५ आठवत असेल, तीही तशीच ऑटो. ती माणसं मांडवात धावपळ करत असायची. कधी नवरदेव हाताच्या अंतरावर, तर कधी वरात पलीकडच्या टोकाला. त्यांना ऑटोची खरी गरज होती. हे तंत्र जन्मलं ते या धावपळीसाठी.

स्टुडिओत धावपळ नसते. तिथे अडचण वेगळी असते आणि ती पैठणीवर फार स्पष्ट दिसते.

कॅटलॉगमध्ये मॉडेल एक, लाईट एक, पार्श्वभूमी एक. बदलते फक्त साडी. संक्रांतीच्या आधी काळ्या चंद्रकळा येतात, मग मोतिया रंग, मग राणी, मग पोपटी. टीटीएल मोजतं ते साडीवरून परत आलेला प्रकाश. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते ठाऊक नसतं. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडीच्या आसपास असावं, या गृहीतावर तो चालतो. काळी चंद्रकळा प्रकाश खाते, म्हणून कॅमेरा लाईटला जास्त चमक मारायला सांगतो. काळा रंग राखाडी होतो आणि मॉडेलचा चेहरा उडतो. मोतिया साडी आली की उलट. प्रकाश भरपूर परत येतो, कॅमेरा चमक कमी करतो, साडी मळकट आणि चेहरा सावळा. आजचे कॅमेरे पूर्वीपेक्षा हुशार आहेत. फोकस कुठे आहे, माणूस किती लांब आहे, याचाही विचार करतात. तरी अर्धा ते एक स्टॉप इकडेतिकडे होतोच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा अर्धा).

आणि सगळ्यात वाईट जरीचं. पदर खांद्यावरून पुढे घेतला, मोरांची जर लेन्सकडे वळली की प्री-फ्लॅश तिथून झळकून परत येतो. मॉडेलने कोपर किंचित वळवलं तरी पुढचा फोटो वेगळा. साडी तीच, उभं राहणं जवळपास तेच, आणि एक्स्पोजर दोन.

हे मी मुद्दाम ताडून पाहिलं. त्याच साड्या, त्याच मॉडेलवर, आधी टीटीएलने काढल्या आणि मग मॅन्युअलने. दोन्ही संच येवल्याच्या एका जुन्या व्यापाऱ्यांसमोर ठेवले, कुठला कसा काढला ते न सांगता. काकांनी पहिला संच थोडा वेळ चाळला आणि म्हणाले, "ताई, बाई एकच आहे ना? मग तोंडाचा रंग प्रत्येक फोटोत निराळा का?" त्यांना टीटीएल माहीत नाही, पण रंग माहीत आहे. आयुष्य रंगात गेलंय त्यांचं. गिऱ्हाईक फोनवर साडी बघतं आणि चेहऱ्याच्या रंगावरून साडीच्या रंगाचा अंदाज बांधतं. चेहरा डळमळला की साडीवरचाही विश्वास जातो, आणि पार्सल परत येतं.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढून नंतर सगळे फोटो सारखे करता येतात, हे मला मान्य. पण मग ऑटोने वाचवलेला वेळ संगणकासमोर दुपटीने जातो. मॅन्युअलवर एक फोटो दुरुस्त केला की तीच सेटिंग अख्ख्या संचाला लागते. टीटीएलच्या संचात प्रत्येक फोटो हाताने बघावा लागतो.

फ्लॅश मीटरचं काम याच्या उलट आहे. माझ्याकडे सेकॉनिकचा एल-३०८एक्स आहे. एका पेन्सिल सेलवर चालतो, हातात मावतो. तो मॉडेलच्या हनुवटीखाली धरायचा, पांढरा अर्धगोल वर सरकवलेला, आणि लाईट मारायचा. हा मीटर साडीवर पडणारा प्रकाश मोजतो. साडीवरून परत येणाऱ्या प्रकाशाशी त्याला देणंघेणं नाही. चंद्रकळा असो की मोतिया, पडणारा प्रकाश तोच, म्हणून आकडाही तोच. एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आला की कॅमेऱ्यावर एफ ८ ठेवायचा, शटर १/१६०, आयएसओ १००, आणि संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. काळा काळाच राहतो, मोतिया मोतियाच.

यात बदलू शकतं ते एकच, अंतर. लाईट मॉडेलपासून १ मीटरवरून १.४ मीटरवर गेला की एक स्टॉप कमी, २ मीटरवर गेला की दोन. म्हणून मी सॉफ्टबॉक्सच्या कडेला एक दोरी बांधली आहे, तिला गाठ मारलेली. साडी बदलून मॉडेल परत आली की मदतनीस दोरी ताणते, गाठ हनुवटीशी आली पाहिजे. जमिनीवर पायांच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा. दोरीला काही खर्च नाही, आणि एक्स्पोजर जागच्या जागी ठेवायला तिच्याइतकं भरवशाचं काही मला मिळालेलं नाही.

मीटरसुद्धा परवडत नसेल तर? तर कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम आहे, फोटोत काळोख-उजेड किती ते दाखवणारा आलेख. एक फोटो काढा, बघा, लाईट थोडा कमी-जास्त करा, पुन्हा काढा. दोन-तीन फोटोंत जागेवर येतं. डिजिटलमध्ये हे फुकट आहे, आणि शिकायलाही हाच रस्ता चांगला. ताकद अर्धी केली की एक स्टॉप कमी, हे हाताला कळलं पाहिजे. टीटीएलवर सुरुवात केलेल्या मुलांना ते कळायला फार वेळ लागतो असं मी पाहिलंय, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण मुलं हुशार असतात.

एकापेक्षा जास्त लाईट आले की टीटीएल आणखी गुंतागुंतीचं होतं. मुख्य लाईट, केसांवरचा लाईट, पार्श्वभूमीवरचा लाईट. शेवटच्या दोघांचं काम चेहरा उजळणं नाहीच, मग कॅमेऱ्याने त्यांचं काय मोजायचं? ते मॅन्युअलवरच हवेत. कॅमेऱ्यावर बसवून लाईट पेटवणाऱ्या गोडॉक्सच्या एक्सप्रो ट्रिगरवर हे गटागटाने ठरवता येतं, ए गट टीटीएलवर आणि बी, सी मॅन्युअलवर. पण स्टुडिओत तिन्ही गट मॅन्युअल ठेवले तर डोक्याला ताप नाही.

जुने लाईट सोबत वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बऱ्याच स्टुडिओंत आधीच्या पिढीतले लाईट असतात, दुसऱ्याची चमक बघून पेटणारे, स्लेव्हवाले. ते बिचारे प्री-फ्लॅशलाच पेटतात आणि खरा फोटो निघेपर्यंत रिकामे झालेले असतात. काही लाईटांत प्री-फ्लॅश सोडून दुसऱ्या चमकेला पेटण्याची सोय असते, सगळ्यांत नसते. शिवाय काही माणसांचे डोळे प्री-फ्लॅशलाच मिटतात. घरच्या ग्रुप फोटोत एखादी आजी प्रत्येक वेळी डोळे मिटून आली तर टीटीएल बंद करून बघा.

हे सगळं वाचून टीटीएल निरुपयोगी आहे असं समजू नका. एडी४००प्रो मी फार प्रेमाने वापरते, आणि बाहेर गेले की टीटीएल चालूच असतं. गंगापूर धरणाच्या काठी संध्याकाळचं प्री-वेडिंग घ्या. मदतनीस लाईट काठीला लावून चालतोय, जोडपं चालतंय, मीही चालतेय. सूर्य खाली जातोय, मिनिटामिनिटाला उजेड बदलतोय. तिथे दोरी आणि गाठ काय करणार? पहिल्या फोटोपासून चेहरा हाताशी येतो तो टीटीएलमुळे. त्यातच एफ २ वर १/२००० ला हाय स्पीड सिंक लागला, तर मॅन्युअलवर अंदाज बांधेपर्यंत तो क्षण गेलेला असतो. पहिल्या वाढदिवसाच्या मुलाचंही तसंच. ते केकपाशी असतं, मग आईच्या कडेवर, मग सोफ्याखाली. लाईटपासूनचं अंतर क्षणाक्षणाला बदलतं. अशा वेळी अर्ध्या स्टॉपच्या चुकीचं मला काही वाटत नाही, मुलाचं हसू मिळालं की काम झालं.

मला सगळ्यात जास्त आवडलेली सोय मात्र ट्रिगरमध्ये आहे. एक्सप्रोवर टीसीएम नावाचं बटण आहे. टीटीएलवर एक फोटो काढायचा, तो बरा वाटला की हे बटण दाबायचं. टीटीएलने ठरवलेली ताकद मॅन्युअल आकड्यात बदलून समोर येते, समजा १/८ ताकद आणि वर ०.३ स्टॉप. आता ती तिथेच राहते. नव्या जागी गेलं की टीटीएलने सुरुवात आणि लगेच मॅन्युअल. सेटिंगमध्ये आपला लाईट कुठला ते आधी सांगावं लागतं, नाहीतर आकडा चुकीचा येतो. अनोळखी हॉलमध्ये डोहाळजेवणाचे फोटो असले की माझा पहिला फोटो असाच निघतो.

घेताना टीटीएलपेक्षा ज्या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं ती म्हणजे ताकद किती खाली जाते. याबद्दल फार कोणी विचारत नाही. एसके४००टू पूर्ण ताकदीपासून १/१६ पर्यंतच उतरतो, म्हणजे कमीत कमी २५ वॉट-सेकंद. छोट्या खोलीत सॉफ्टबॉक्स चेहऱ्याजवळ आणून एफ २.८ वर पार्श्वभूमी धूसर करायची म्हटली तर एवढाही प्रकाश जास्त होतो. लाईट मागे न्यावा लागतो किंवा लेन्सला प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागतो. एडी४००प्रो १/२५६ पर्यंत जातो, म्हणजे दीड वॉट-सेकंदाच्या आसपास. बाळांच्या फोटोंना मी तोच आत आणते, मॅन्युअलवर. त्याच्या जास्तीच्या किमतीचं समर्थन मला इथे सापडतं.

ट्रिगरबद्दल शेवटचं. टीटीएल हवं तर ट्रिगर तुमच्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचा हवा. कॅननचा वेगळा, निकॉनचा वेगळा, सोनीचा वेगळा. कॅमेरा बदलला की ट्रिगरही बदला. मॅन्युअलला बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्याच्या हॉट शूची (माथ्यावर ट्रिगर बसवायच्या खाचेची) मधली एक पिन पुरते, म्हणून भाड्याने देण्याचा स्टुडिओ असेल तर मॅन्युअल लाईट आणि साधा ट्रिगर हेच सोयीचं, येईल तो आपला कॅमेरा लावेल. अपवाद कॅननच्या १५००डी आणि ३०००डी सारख्या मॉडेलांचा. त्यांच्या हॉट शूला मधली पिनच नाही. आपल्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या हातात हेच कॅमेरे सर्रास दिसतात, तेव्हा भाड्याच्या स्टुडिओवाल्यांनी कॅननसाठीचा एक ट्रिगर जवळ ठेवावा. लाईट मॅन्युअलवरच चालवायचा असला तरी या कॅमेऱ्यांना तो लागतोच.